अण्णांची शनिवारची ड्यूटी

पहाटे 5.40
रात्रभर पाऊस कोसळत होता. जुना कॅम्पिंगचा ट्रेलर विकणाऱ्याचा निरोप आलाय : शेतात चिखल आहे, पुढच्या शनिवारी या. मी 'बरं' असं लिहितोय तोवर अण्णा चहाचा कप घेऊन मागे हजर.

"पुढच्या शनिवारी काय बघणार? सगळं वाळलेलं असेल. गाडी गळते का ते पावसानंतरच कळतं. आजच निघू, जावईबापू."

अण्णा माझे सासरे. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बत्तीस वर्षं बॉडी सेक्शनला होते. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ओहायोत आलेत आणि लॉन कापून कंटाळलेत.

8.10
डब्लिनहून 33 नंबरच्या रस्त्याने बेलफाउंटनकडे. ट्रेलर 1964चा, 16 फुटी. कडा गोल, पोट पुढे. हॅमच्या डब्यासारखा दिसतो म्हणून इथे त्या आकाराला नावही तेच पडलंय. मालक 2,400 डॉलर मागतोय. माझा हिशेब सोपा होता : थोडा रंग, नव्या गाद्या, आणि उन्हाळ्यात लेकीला घेऊन तळ्याकाठी मुक्काम. बायकोचं मत तिने काल रात्रीच दिलं होतं. गॅरेजमध्ये दोन वर्षांपासून अर्धवट पडलेल्या टेबलाकडे तिने नुसतं बोट दाखवलं.

9.35
लांबून पाहताच मी प्रेमात पडलो. पांढरा पत्रा, मधे मोरपंखी पट्टा. अण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. टायरपाशी उकिडवे बसले आणि एकदम हसायला लागले. "अहो, एसटी लिहिलंय!" खरंच लिहिलेलं होतं. ट्रेलरच्या टायरवर 'स्पेशल ट्रेलर'ची ती दोन आद्याक्षरं असतात. पुढे चार आकडे : 2309. म्हणजे 2009 सालचा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी अजून शाबूत होती, पण बाजूच्या रबराला पायाच्या टाचेसारख्या भेगा. "हे टायर फक्त उभं राहायला," अण्णा म्हणाले. "पळायला नाहीत."

10.00
दार उघडताच ओल्या गोणपाटाचा वास. अण्णा बाजारात मडकं वाजवून घेतात तसे भिंतीवर बोटाची पेरं आपटत मागे गेले. टकटक, टकटक, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात थप्प. तिथे नवाकोरा वॉलपेपर होता. एकाच कोपऱ्यात वॉलपेपर का, हा प्रश्न मला फोटो बघताना पडायला हवा होता.

मालकाला विचारून अण्णांनी पलंगाखालच्या जमिनीला स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावावाच लागला नाही, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा पात्याला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ओलं, तपकिरी चिकटलेलं होतं. ते प्लायवुड होतं.

मग बाहेरच्या कोपऱ्यावरची पट्टी. सहा स्क्रूंपैकी तीन नुसत्या बोटांनी निघाले, कारण त्यांना धरायला मागे लाकूडच उरलं नव्हतं. पट्टी बाजूला केल्यावर अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना आत धातूचा सांगाडा अपेक्षित होता, पत्रा रिपिटांनी ठोकलेला. इथे दोन बोटं रुंदीच्या पाइनच्या पट्ट्या, आणि पत्रा तारेच्या पिनांवर.

"ही गाडी नाही, काडेपेटी आहे."

त्या काळी असे ट्रेलर बनायचेच असे. हलके, स्वस्त, साध्या मोटारीने ओढता येतील असे. पण पाणी कोपऱ्याच्या पट्टीतून आणि खिडकीच्या कडेतून आत शिरतं, पत्र्यामागून उतरतं आणि सगळ्यात खालच्या लाकडात मुक्काम करतं. ते एक लाकूड बदलायचं तर पट्ट्या, खिडक्या काढायच्या आणि अख्खा पत्रा सोलायचा. मालकाने छतावर सिलिकॉन थापलं होतं, इडलीवर चटणी ओतावी तसं. त्याने आलेलं पाणी आतच कोंडलं.

11.15
कागद. मालकीचं टायटल वडिलांच्या नावावर आणि वडील 2011 साली गेले. नाव कधी बदललंच नाही. "सोमवारी काउंटीत जाऊन करतो," म्हणाला. माणूस सरळ वाटला, पण तेरा वर्षांहून जास्त सोमवार येऊन गेलेत.

12.40
इतक्या लांब आलोच होतो म्हणून जॅक्सन सेंटरला गेलो. एअरस्ट्रीम या ट्रेलर कंपनीचा कारखाना 1952 पासून या गावात आहे. बाहेर उभ्या असलेल्या चंदेरी ट्रेलरवरून अण्णांनी हात फिरवला. रिपिटांच्या रांगा, एका ओळीत, एका अंतराने. आत अ‍ॅल्युमिनियमच्या बरगड्या. "हे आमच्या दापोडीचं काम," असं म्हणून त्यांनी गाडीत बसून दशम्या आणि ठेचा काढला. मला लगेच जुनं एअरस्ट्रीम शोधायची सुरसुरी आली. जुन्या मॉडेलांत जमीन मात्र प्लायवुडचीच, त्यामुळे कोपरे तिथेही टोचून पाहावे लागतातच. शिवाय त्यांच्या किमती! विषय संपला.

3.00
घरी, वहीवर. टायर 250. आस आणि ब्रेक 650. लाकूड, प्लाय 1,100. वायरिंग, गॅसची नळी 600. खिडक्यांची रबरं, सीलची पट्टी 350. गाद्या 400. झाले 3,350, वर मालकाचे 2,400. एकूण 5,750 डॉलर.

अण्णांनी पेन घेतलं आणि खाली लिहिलं : 300 तास. शनिवारी सहा तास धरले तर पन्नास शनिवार. माझ्याकडे छप्पर नाही आणि ओहायोत नोव्हेंबर ते मार्च उघड्यावर हात चालत नाहीत, म्हणजे दोन मोसम. लेक आज अकराची आहे. तेरा वर्षांची मुलगी आईबापाबरोबर तळ्याकाठी झोपायला येईल का, हे त्या वहीत मांडता येत नव्हतं, पण मी मनात तेच मांडत होतो.

ज्याला सुतारकामच करायचंय त्याच्यासाठी हा सौदा वाईट नाही. मला मुक्काम करायचा होता.

6.30
मालकाला फोन केला. टायटल नावावर करून दिलं तर 500 देईन म्हटलं. तो म्हणाला, फोटो बघून एकाने 1,800 सांगितलेत. त्यालाच द्या म्हटलं, पण कोपरा दाखवून द्या. तो थोडा वेळ गप्प होता, मग "दाखवतो" म्हणाला.

अण्णा गॅरेजमध्ये माझ्या अर्धवट टेबलाचे पाय हलवून बघत होते. ती त्यांची रविवारची ड्यूटी.

तुम्ही असा ट्रेलर बघायला जाणार असाल तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवा, आणि टोचण्याआधी मालकाला विचारा.