समजून घ्या : शनिवारी वाचला जाणारा तोराचा 'पाराशा' म्हणजे काय? पनवेलच्या ज्यू समाजाशी त्याचे नाते काय?

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू समाजाचे हे जुने प्रार्थनास्थळ. ज्यू धर्मात शनिवार, म्हणजे शब्बाथ, हा विसाव्याचा दिवस. त्या सकाळी तोरा या धर्मग्रंथाचा ठरलेला भाग वाचण्याची प्रथा आहे. त्यालाच 'पाराशा' म्हणतात. पण या वाचनाला एक अट आहे आणि समाज लहान होत गेला की ती पाळणे कठीण होते.

वेळापत्रक कसे ठरते?

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. वर्षभरात ती पूर्ण व्हावीत म्हणून त्यांचे ५४ भाग केले आहेत. आपल्या अधिक मासासारखा ज्यू पंचांगातही १९ वर्षांत सात वेळा तेरावा महिना येतो. ज्या वर्षी शनिवार कमी, त्या वर्षी काही भाग जोडून वाचतात. सिमहाथ तोरा या सणाला शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी पहिला सुरू होतो.

वाचतात कसे?

चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून. तिच्यात स्वरचिन्हे नसतात. उच्चार आणि चाल वाचणाऱ्याला आधीच पाठ असावी लागते. अक्षरांना बोट लावायचे नाही, म्हणून 'याद' नावाची छोटी दर्शककाठी वापरतात. एक अक्षर जरी पुसले गेले, तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही.

त्यातून शिकायचे काय?

पहिला भाग 'बेरेशिथ'. सहा दिवस सृष्टीची निर्मिती, सातव्या दिवशी विसावा. 'लेख लेखा'मध्ये अब्राहामाला देश आणि बापाचे घर सोडून निघायला सांगितले जाते. 'केदोशीम' तर थेट व्यवहारावर येतो : शेताची कड गरिबांसाठी न कापता ठेवा, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. मजकूर दरवर्षी तोच असतो. वर्षभरात बदललेला असतो तो ऐकणारा. अब्राहामाचे घर सोडणे मुलाला एक सांगते, परदेशी गेलेल्या मुलाच्या आईला दुसरेच.

कोकणाशी नाते काय?

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे हे लोक तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. वाचायला ग्रंथ नव्हता, पण 'बेरेशिथ'मधला विसावा त्यांच्या रोजच्या धंद्यात टिकून होता.

ग्रंथाशी नाते नंतर पुन्हा जुळले. १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायलींचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. पुढे कोकणातही सिनेगॉग झाली. एकोणिसाव्या शतकात या समाजाने बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने केली. वल्हांडणाच्या रात्री वाचायचे 'हग्गादा' हे पुस्तक १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापले गेले.

मग अट कोणती?

गुंडाळीतून सार्वजनिक वाचन करायला 'मिनयान' लागतो. परंपरेनुसार १३ वर्षे पूर्ण केलेले दहा पुरुष हजर हवेत. नऊ असतील तर गुंडाळी पेटीतच राहते. घरी छापील पुस्तकातून पाराशा वाचता येतो, पण ते सामुदायिक वाचन ठरत नाही.

इस्रायलची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि पुढच्या दशकांत हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. लहान गावांमध्ये दहा जण जमवणे अवघड होत गेले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. मात्र शनिवारची दहाची संख्या सरकारी निर्णयाने भरत नाही.

एकेकाळी कोकणात हे लोक होते, ग्रंथ नव्हता. आता ग्रंथ आहे, माणसे कमी आहेत. तरीही सणांमुळे फरक पडणारे काही आठवडे सोडले, तर अश्दोदमध्ये स्थायिक झालेले कुटुंब आणि पनवेलमध्ये राहिलेले त्याचे नातेवाईक यांच्यासाठी त्या शनिवारचा पाराशा एकच असतो. दहावा माणूस आला, की पेटी उघडता येते.