रत्नागिरीच्या दमट हवेत थंड पाइपला कोणतं इन्सुलेशन?

फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की लगेच घामेजते ना? मासळी गोठवणाऱ्या कारखान्यातल्या थंड पाइपचंही तेच होतं.

पावसाळ्यात रत्नागिरीत तापमान 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर साधारण 27 अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. ते खाली मासळीवर टपकलं, तर सोबत जंतूही जातात. मग अख्खा माल धोक्यात.

जाडी: इन्सुलेशनची बाहेरची बाजू 27 अंशांच्या वर राहायला हवी. कोरड्या गावासाठी काढलेली जाडी इथे कमी पडते.

मटेरियल: ग्लासवूलमध्ये बाष्प शिरलं की ते ओलं होतं, थंडी अडवत नाही आणि आतला लोखंडी पाइप गंजतो. त्यापेक्षा नायट्राइल रबर फोम बरा. घरच्या एसीच्या पाइपवर काळी नळी असते, साधारण तसाच. पीयूएफही चालतं, पण वर बाष्प अडवणारा थर हवाच.

सांधे: व्हॉल्व्ह, जोड आणि हँगरपाशी नीट सील करा. एका फटीतूनही ओल आत शिरते.

आंब्याच्या पल्पसाठी वाफेचा पाइप असेल, तर मात्र रॉकवूल आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. तिथे साधा रबर फोम उष्णतेला टिकत नाही.