पेशीच्या दारावरचा निरोप्या

वर्गात एखादा मुलगा बाकावर स्थिर बसत नाही. त्याच्या वहीवर शाईचे डाग पडतात, ओळ सोडून अक्षर भरकटते. अशा वेळी आम्हां शिक्षकांच्या तोंडून सहज निघून जाते, "हात जरा स्थिर ठेव!" मुलाला ती आज्ञा पाळावयाची असते, पण त्याचा हातच त्याची आज्ञा मानीत नसेल तर? अशाच एका दुर्मिळ व्याधीची आणि तिच्या मुळाशी असलेल्या एका सूक्ष्म निरोप्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे, हे आपण जाणताच. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे एक अतिशय पातळ पटल असते. आपण घाबरलो म्हणजे ॲड्रिनॅलीन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि यकृताला सांगते, "साठवलेली साखर बाहेर काढ." परंतु हे संप्रेरक पेशीच्या आत जातच नाही. पोस्टमन पत्र दारावर देतो; स्वयंपाकघरापर्यंत वर्दी पोचवावयाची ती घरातल्या माणसाने. मग पेशीच्या घरात ही वर्दी कोण पोचवितो?

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी यकृताच्या पेशी वाटून त्यांतील पटलाचे कण वेगळे केले व त्यांवर ॲड्रिनॅलीनचा प्रयोग केला. तेव्हा एक लहानसे द्रव्य निर्माण झाले. उकळूनही ते नासत नसे. आणि पटलाचे कण काढून टाकलेल्या उरलेल्या द्रवात ते मिसळले की साखर सोडविण्याचे काम सुरू होई. हेच ते चक्रीय एएमपी. संप्रेरक हा बाहेरचा दूत, तर हे द्रव्य आतला दुसरा दूत होय. ह्या कार्याबद्दल सदरलँड ह्यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा दुसरा दूत जो घडवितो, तो आपल्या कथेचा नायक. ॲडेनिलिल सायक्लेज हे त्याचे नाव. हे एक एंझाइम आहे. म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. सुईने दोरा कापडातून वरखाली ओवावा तशी ह्याची साखळी पेशीच्या पटलातून बारा वेळा आरपार गेलेली असते. त्याचा काम करणारा भाग मात्र आतल्या बाजूला असतो. मानवी शरीरात पटलात वसणारे असे नऊ प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे जनुक निराळे आहे.

हे एंझाइम हाती लागणे सोपे नव्हते. एक तर ते अत्यल्प. त्यातून स्निग्ध पटलात रुतून बसलेले. येथे साहाय्य झाले ते आपल्याकडच्या एका वनस्पतीचे. गुजरातेत हिच्या मुळांना गरमर म्हणतात व त्यांचे लोणचे घालतात. बडोद्याच्या श्रोत्यांना ते ठाऊक असेल. मुंबईस मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात ह्या मुळांतून फोर्स्कोलिन नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले. शोध चालला होता रक्तदाब उतरविणाऱ्या औषधाचा. पुढे १९८१ साली अमेरिकेत सीमन व डेली प्रभृतींनी दाखवून दिले की, बाहेरून कोणताही निरोप आलेला नसतानाही फोर्स्कोलिन ह्या एंझाइमाला थेट जागे करते. मग त्याचाच गळ करून शास्त्रज्ञांनी हा मासा पकडला, आणि १९८९ साली अशा एंझाइमाचे पहिले जनुक गाईच्या मेंदूतून वाचले गेले.

आता नवांपैकी पाचव्याकडे वळू. त्याच्या जनुकाला एडीसीवाय-५ असे नाव असून ते आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याने लिहिलेल्या साखळीत १,२६१ अमिनो आम्ले असतात. हृदयात हे एंझाइम काम करतेच. पण मेंदूच्या खोल भागातील ज्या केंद्रात हालचालींना चालना व आवर मिळतो, तेथे त्याचा विशेष अंमल असतो. २०१२ साली सिॲटल येथील संशोधकांनी दाखविले की, एका कुटुंबात पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या अनैच्छिक हालचालींचे कारण ह्याच जनुकातील एका अक्षराची चूक आहे. इतर अनेक रुग्णांत चूक आढळते ती ४१८ व्या स्थानी: आर्जिनीनच्या जागी ट्रिप्टोफॅन येऊन बसते. एवढ्याने निरोप्या मुका होत नाही, उलट वाचाळ होतो. नको तितका दुसरा दूत तयार होतो, आणि चेहरा, हात, पाय मनाविरुद्ध हलू लागतात.

ही व्याधी बहुधा बालपणीच दिसू लागते. मूल उशिरा चालते, बोलणे अडखळते. झोप लागताना किंवा जाग येताना झटके वाढतात. पुष्कळदा आईवडिलांपैकी कोणातही हा दोष नसतो. तो मुलातच नव्याने उद्भवतो. म्हणून कित्येक मुलांना मेंदूचा पक्षाघात किंवा अपस्मार झाल्याचे चुकून सांगितले जाते आणि वर्षानुवर्षे निरुपयोगी औषधे चालू राहतात.

आणि ह्यावर उपयोगी पडली कोणती गोष्ट? एक कप कॉफी! पॅरिसमधील डॉक्टरांनी अकरा वर्षांच्या एका मुलाची हकीकत २०१९ साली प्रसिद्ध केली. सकाळ-संध्याकाळ कॉफी देताच त्याचे झटके जवळजवळ थांबले. एकदा मात्र ते अचानक परतले आणि चार दिवस टिकले. चौकशी करता कळले की, घरच्यांनी चुकून कॅफीन काढलेली कॉफी आणली होती! ठरवून केलेल्या प्रयोगाइतकाच बोलका पुरावा ह्या चुकीने दिला. पुढे २०२२ साली अशा ३० रुग्णांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा २६ जणांना स्पष्ट गुण आल्याचे आढळले.

ह्याचे कारण असे की, ॲडेनोसीन नावाचे द्रव्य मेंदूतील काही पेशींच्या दारावर येऊन ह्या पाचव्या एंझाइमाला चेतवीत असते. कॅफीन ती जागा अडवून बसते. दारावरची हाक बंद झाली की आतला वाचाळ निरोप्या पुष्कळसा शांत होतो. मात्र कॅफीनने जनुकातील चूक दुरुस्त होत नाही, आणि प्रत्येक चंचल मुलाला कॉफी पाजावी असाही ह्याचा अर्थ नव्हे. आधी जनुकाची तपासणी आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार, हाच क्रम योग्य होय.

श्रोतेहो, ही व्याधी फार थोड्यांच्या वाट्यास येते. परंतु तिने मला माझ्या पेशात एक सावधपणा शिकविला. ज्या हाताला आपण बेशिस्त म्हणून रागे भरतो, त्याच्यामागे हट्ट नसून एका अक्षराची चूक असू शकते. ती चूक मुलाने केलेली नसते. तेव्हा "हात स्थिर ठेव" असे म्हणण्यापूर्वी "तुझा हात का हलतो, बाळ?" एवढे आपण विचारावे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याच्या आईवडिलांना योग्य डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे.