आधी चावी उतरव!

आमच्या भिवंडीत यंत्रमागांची खटखट थांबली की समजायचं, लाइट गेली. अशा गावात घड्याळ कानाला लावून त्याचा आजार सांगणारे चाचा आहेत, हे मला मार्चपर्यंत माहीत नव्हतं. मार्चमध्ये आजोबांचं खिशातलं घड्याळ माझ्या हातून फरशीवर पडलं. काच शाबूत, काटे शाबूत, पण घड्याळ बंद. आजोबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

चाचांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं. म्हणाले, ‘‘स्टाफ तुटलाय.’’ मला स्टाफ म्हणजे ऑफिसातलाच माहीत!

यांत्रिक घड्याळात बॅलन्स नावाचं चाक सतत पुढे-मागे झुलतं. बऱ्याच जुन्या घड्याळांत सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. या चाकाचा आस म्हणजे स्टाफ. त्याची दोन्ही टोकं साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात आणि माणकाच्या छिद्रांत फिरतात. टोक बारीक, म्हणून घर्षण कमी आणि वेळ नीट. आणि बारीक, म्हणूनच पडलं की मोडतं. हा धक्का झेलणारी ‘इन्काब्लॉक’ ही स्प्रिंगची सोय १९३०च्या दशकात आली. मुंबईत दुकान असलेल्या, १८८६ सालच्या वेस्ट एंड वॉच कंपनीने ती १९३४ मध्येच वापरली. आजोबांचं घड्याळ मात्र बिनइन्काब्लॉकचं.

‘‘याच मशीनचं बंद घड्याळ चोर बाजारात शोधावं लागेल. वेळ लागेल,’’ चाचा म्हणाले. ‘‘तोवर मला शिकवाल?’’ मी विचारलं. ते हसले आणि भंगार मशीनचा एक गंजका डबा माझ्यापुढे सरकवला.

पहिला आठवडा फक्त स्क्रू. चिमट्याने उचलायचा, परत ठेवायचा. जोर जास्त झाला की स्क्रू टिचकी मारल्यासारखा उडतो, मग अर्धा तास जमिनीवर रांगत शोध! दुसऱ्या आठवड्यात मी हुशारी केली आणि चावी भरलेल्या मशीनमधून पॅलेट काढला. घर्रर्र करून सगळी चाकं एकदम फिरली आणि एकाचं टोक गेलं. ‘‘आधी चावी उतरव!’’ हे वाक्य मग रोज ऐकलं. मुख्य कमानीतला ताण हळूहळू सोडल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

सगळ्यात अवघड बालकमानी, म्हणजे हेअरस्प्रिंग. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ पुढे पळतं. वाकडी झालेली सरळ करताना बोटाला जोर कळतच नाही, डोळ्यालाच कळतो. तीन कमानी वाया घालवल्या. चौथी जमली, तेव्हा चाचा फक्त ‘‘हं’’ म्हणाले.

मे महिन्यात मशीन मिळालं. स्टाफ चाचांनीच बसवला. जुना काढला, नवा ठोकून पक्का केला, चाक डुलत नाही ना ते फिरवून पाहिलं. शेवटचा तेलाचा थेंब मात्र मला देऊ दिला. सुईच्या टोकावर मावेल एवढाच, कारण जास्त झालं की तेल पसरतं आणि धूळ धरतं. मी श्वास रोखून धरला होता.

एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आज तीच जुनी चावीची घड्याळं आपल्या वयाची मुलं हौसेने घेतात. पण ती बिघडली तर? चाचांचा मुलगा दुकानात बसत नाही. तो डबा माझ्याआधी किती वर्षं कुणी उघडला नव्हता, हे मी विचारलं नाही.

घड्याळ आता चालतं. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. आजोबा सकाळी चावी देतात आणि मोबाइलमध्ये बघून काटे लावतात. चाचा म्हणाले, ‘‘महिन्याने घेऊन ये. वेळ तू जुळवायची, मी बघणार.’’

घरात जुनं घड्याळ आहे?
• चावी रोज ठरावीक वेळी द्या, अडली की थांबा.
• स्पीकर आणि चुंबकापासून लांब ठेवा. बालकमानी चुंबकीय झाली की वेळ बिघडते.
• वर्षानुवर्षं पडून असेल तर चावी देण्याआधी कारागिराला दाखवा. आतलं तेल सुकलेलं असतं.