कोलकात्यातील पाइस हॉटेले

मोठे शहर पाहावयास निघालेल्या प्रवाशाचा राहण्याचा आणि गाडीभाड्याचा खर्च बहुधा आधीच ठरलेला असतो. अनिश्चित राहतो तो दोन वेळच्या जेवणाचा. वस्तुसंग्रहालये आणि स्मारके यांच्या दारापाशी असलेली उपाहारगृहे एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतात. ते पुन्हा यावे अशी त्यांना निकड नसते. याउलट, ज्या ठिकाणी शहरातील कारकून, विद्यार्थी आणि दुकानांतील नोकर रोज जेवतात, तेथे दर वाढला किंवा चव बिघडली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाते. परवडणारे जेवण शोधण्याचे मर्म या फरकात आहे. कोलकात्यातील पाइस हॉटेले हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

‘पाइस’ म्हणजे पैसा. १९५७ साली दशमान नाणेपद्धती येण्यापूर्वी एका रुपयाचे ६४ पैसे होत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालच्या खेड्यांतून नोकरी वा शिक्षणासाठी आलेले असंख्य पुरुष कोलकात्यात एकेका खोलीत तिघे-चौघे मिळून राहत. त्यांना घरच्यासारखा डाळभात आणि मासळीचा रस्सा अल्प दरात मिळावा, या गरजेतून ही भोजनालये उभी राहिली. त्यांचे मालक आणि आचारी यांत ओडिशातून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. काहींच्या नावात आजही ‘हिंदू हॉटेल’ हे शब्द आढळतात. ज्या काळी जेवणाच्या पंगतीत जातीचा विचार प्रथम होई, त्या काळाची ही खूण आहे.

येथील स्वस्ताईचे रहस्य हिशेबाच्या पद्धतीत आहे. ठरलेल्या दरात ठरलेले ताट मिळण्याची मराठी खानावळीतील पद्धत येथे नाही. भात, डाळ, भाजी, मासळी आणि चटणी यांचे दर वेगवेगळे लावले जातात. काही ठिकाणी केळीचे पान आणि लिंबाची फोड यांचेही स्वतंत्र पैसे पडतात. नवख्या माणसास हा कंजूषपणा वाटतो. परंतु जे घेतले नाही त्याचा भार गिऱ्हाइकावर पडत नाही, हा त्याचा फायदा होय. ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत, तो डाळ, भात आणि एक भाजी घेऊन सन्मानाने उठू शकतो. शेजारी चिंगडी अथवा हिलसा खाणारा त्याच बाकावर बसलेला असतो.

पदार्थांची यादी रोज बदलते, कारण सकाळी बाजारात जी मासळी वाजवी भावात मिळते तीच दुपारी शिजते. दर फळ्यावर खडूने लिहिलेले असतात, किंवा वाढपी ती यादी एका दमात म्हणून दाखवतो. बंगाली न समजणाऱ्याने संकोच न करता प्रत्येक पदार्थाचा दर आधी विचारावा. हिलसा, मोठी चिंगडी आणि मटण महाग असते. रोहू, कातला यांचा रस्सा बेताचा. बटाटा आणि खसखस यांची ‘आलू पोस्तो’ ही भाजी एके काळी गरिबांची समजली जाई. खसखशीचे भाव चढल्यामुळे आता तसे म्हणता येत नाही. शाकाहारी प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: येथे डाळीतही कधी कधी माशाचे डोके घालतात. म्हणून ‘निरामिष’ डाळ मागावी. तीही त्याच स्वयंपाकघरात शिजते, हे मात्र ज्याने त्याने विचारात घ्यावे.

ही भोजनालये प्रेक्षणीय स्थळांपासून दूर नाहीत. चौरंगीवरील भारतीय संग्रहालय आणि १८७४ साली सुरू झालेले न्यू मार्केट पाहून झाल्यावर राणी रासमणी रस्त्यावरील सिद्धेश्वरी आश्रमापर्यंत चालत जाता येते. कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांची दुकाने धुंडाळणाऱ्यास भवानी दत्त लेनमध्ये स्वाधीन भारत हिंदू हॉटेल सापडते. दक्षिणेस कालीघाटचे मंदिर पाहणाऱ्यास रासबिहारी मार्गाच्या परिसरातील तरुण निकेतन सोयीचे आहे. केवळ न्याहारी हवी असेल, तर एस्प्लनेडजवळील डेकर्स लेनमध्ये कचेऱ्यांतील नोकरांसाठी गाडे लागतात. तो भाग कचेऱ्यांच्या वेळापत्रकावर चालत असल्याने रविवारी तेथे जाण्यात अर्थ नाही.

वेळेचे भानही ठेवावे लागते. अन्न दुपारपुरते शिजवलेले असल्यामुळे उशिरा येणाऱ्यास मोजकेच पदार्थ उरतात. अगदी ऐन गर्दीत मात्र जागेसाठी थांबावे लागते. दुपारी बाराच्या सुमारास पोहोचणे उत्तम. जेवण झाल्यावर गप्पा मारीत बसू नये. एका बाकावर दिवसभरात किती माणसे जेवून उठतात, यावर मालकाची मिळकत आणि पर्यायाने जेवणाचा दर अवलंबून असतो.

एकत्र खोल्या घेऊन राहणाऱ्या नोकरदारांची ती जुनी बिऱ्हाडे आता फारशी उरलेली नाहीत, आणि त्यांच्यावर विसंबलेली कित्येक पाइस हॉटेलेही बंद पडली. जी टिकली आहेत, त्यांना रोजच्या गिऱ्हाइकाइतकाच अधूनमधून येणारा प्रवासीही आता उपयोगी पडतो. त्यांच्यापासून घेण्याजोगा धडा इतर शहरांतही लागू पडतो: स्मारकाचे दार सोडून एक-दोन गल्ल्या आत जावे, नोकरदार माणसे कोठे जेवतात ते पाहावे, आणि दर विचारूनच पानावर बसावे.