तळपायावरचं गर्भाशय

मागच्या लेखात ॲक्युपंक्चरच्या सुया पाहिल्या. या वेळी सुई नाही, औषध नाही. दाबणाऱ्याचा अंगठा आणि दाबून घेणारीचा तळपाय, एवढंच. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रिफ्लेक्सॉलॉजी करून घ्यावी का, हा आजचा प्रश्न.

ही विद्या प्राचीन असल्याचं सांगितलं जातं. उपचारकेंद्रांच्या भिंतीवर टांगलेला तळपायाचा रंगीत नकाशा मात्र विसाव्या शतकातला आणि अमेरिकेतला. कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी १९१७ साली सहलेखकासोबत पुस्तक लिहून शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे मांडले. पुढे युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एकेका अवयवाला तळपायावर जागा नेमून दिली. त्यांचं पुस्तक १९३८ सालचं. या नकाशात गर्भाशय घोट्याखाली आतल्या बाजूला, अंडाशय बाहेरच्या बाजूला. जागा दाबली की अवयवावर परिणाम होतो, हा मूळ दावा.

घोट्याखालच्या त्या जागेपासून गर्भाशयापर्यंत जाणारी अशी कुठलीही खास वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही. २००० साली ब्रिटनमध्ये दोन उपचारकांना काही लोकांचे पाय तपासायला दिले, आजार सांगितले नाहीत. कुणाला काय झालंय हे त्यांना पायांवरून ओळखता आलं नाही, आणि दोघांचं आपसातही जमलं नाही. गंमत अशी, की पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाची जागा दाबू नये, असं बरेच उपचारकच सांगतात. त्या दाबाने गर्भपात होतो, असा पुरावा नाही. मात्र ही भीती खरी मानायची, तर उपचार पूर्ण निर्धोक असल्याचं कसं म्हणायचं?

तरीही पाय दाबून घेतल्यावर बरं वाटतं, हे खोटं नाही. शेवटच्या महिन्यांत पायांवर सूज येते, चप्पल घट्ट होते, कंबर धरते. ऑस्ट्रेलियात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत सूज आलेल्या गरोदर बायकांचे तीन गट केले: दोन गटांना दोन प्रकारची रिफ्लेक्सॉलॉजी, तिसऱ्याला नुसती विश्रांती. टेपने घोटे मोजले तेव्हा तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. बायकांना मात्र हलकं वाटलं होतं. मला हा निकाल फार बोलका वाटतो. आराम मिळाला, सूज होती तेवढीच राहिली.

आणि धोका नेमका इथेच आहे. विसाव्या आठवड्यानंतर सुजेसोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, बरगड्यांखाली उजवीकडे दुखत असेल, चेहरा-हात अचानक सुजले असतील, तर तो प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा गंभीर आजार असू शकतो. तेव्हा लगेच दवाखाना गाठून रक्तदाब मोजून घ्यायचा. एरवीही तो १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, असं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. गरोदरपणात हे बहुधा डाव्या पायात होतं. असा पाय कुणालाही चोळू देऊ नये, घरच्या माणसालाही नाही.

बाळंतपणानंतर ही काळजी संपत नाही, उलट पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका वाढतो, सिझेरियननंतर अधिकच. म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला मालीश होते त्या सव्वा महिन्यातच. रिफ्लेक्सॉलॉजीने दूध वाढतं, गर्भाशय लवकर आकुंचन पावतं, या दाव्यांना भक्कम आधार नाही. झोपेचं थोडं वेगळं: तैवानमधल्या एका चाचणीत पाय दाबून घेतलेल्या बाळंतिणींची झोप सुधारली. पण तुलना नेहमीच्या शुश्रूषेशी होती. रोज अर्धा तास कुणी बाळाकडे पाहिलं असतं, तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही. प्रसूतीच्या कळा कमी झाल्याचं सांगणाऱ्या चाचण्याही बहुतेक लहान आणि कच्च्या आहेत.

काशाच्या वाटीने तळपाय घासायची रीत आपल्या घरांत आहेच. डोळ्यांची आग थांबते, असं तिच्याबद्दलही म्हणतात. तो दावा बाजूला ठेवून आराम घ्यावा. रिफ्लेक्सॉलॉजीलाही हाच न्याय. पैसे आणि हौस असेल तर जरूर जा. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, गरोदर आहात किंवा नुकत्याच बाळंत झाला आहात हे उपचारकाला सांगा. आणि 'हे केलंत की बीपीची गोळी नको' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या.