पाणी नितळ, तरी मासे का मरतात?

नवी काचेची टाकी आणली, नळाचं पाणी भरलं, संध्याकाळी डझनभर गप्पी सोडले. आठवडाभरात एकेक मासा उलटा तरंगू लागतो. बोल लागतो दुकानदाराला. खरा गुन्हेगार अमोनिया.

माशांच्या कल्ल्यांतून, तळाशी कुजणाऱ्या दाण्यांतून तो सतत पाण्यात उतरतो, आणि दिसत नाही. सावली तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावातही तो तयार होतोच. पण तिथे गाळावर, दगडांवर जिवाणूंचे थर असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), काही त्याचं बरंच सौम्य नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये घातला, तर विरजण लावल्यासारखं काम लवकर होतं. तरीही सुरुवातीला दोन-तीनच मासे, चिमूटभर दाणे.

स्पंज नळाखाली खळखळून धुणं ही तर स्वच्छतेच्या हौसेपायी होणारी चूक. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जिवाणूंनाच मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो पिळावा.

त्यात आपला चंद्रपुरी उन्हाळा! पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, अमोनियाही अधिक जहाल होतो. मे महिन्यात नवी टाकी सुरू करूच नये, असं माझं मत. केलीच, तर हवेचा पंप रात्रीही चालू ठेवा.